युकुलेले: बी फ्लॅट, ई आणि बी मायनर कसे बसवायचे?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, मांजलपूरला राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलासाठी युकुलेले (गिटारसारखं, चार तारांचं छोटं वाद्य) घेतलं, कॉन्सर्ट म्हणजे मधल्या साइझचं. त्याचा उत्साह सुट्टीबरोबरच संपला आणि वाद्य आपोआप माझ्याकडे आलं. सी, ए मायनर, एफ आणि जी या चार कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) बरीच गाणी निघतात, चाल ओळखूही येते. इथवर सगळं छान होतं.

मग मी सोसायटीच्या भजनी मंडळात बोलून गेले की गणपतीत साथ करेन. तिथे एकदा नाव यादीत गेलं की काढत नाहीत, हे बडोदेकरांना सांगायला नको. आमच्या मुख्य गाणाऱ्या मावशी काळी पाचमध्ये गातात (पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा). अ‍ॅपमध्ये पट्टी बदलली तर समोर बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ आणि जी मायनर. इतर गाण्यांत ई आणि बी मायनर. तिथेच गाडी अडली आहे.

अडचणी अशा:

बी फ्लॅट (३-२-१-१): तर्जनी आडवी टाकली की सर्वात खालची तार वाजतच नाही, नुसतं 'थप्प' होतं.

ई (४-४-४-२): एका फ्रेटमध्ये (मानेवरच्या दोन आडव्या धातूच्या तारांमधल्या कप्प्यात) तीन बोटं मावत नाहीत. मावली तर चौथं पोचत नाही.

बी मायनर (४-२-२-२): सगळ्याच तारा खरखरतात.

बोटांत ताकद येईपर्यंत वाट बघायची का? आणि मनगट दुखतं ते चालायचंच की काही चुकतंय?

(आकडे जी, सी, ई, ए या क्रमाने दिले आहेत, म्हणजे वाद्य धरल्यावर आपल्या हनुवटीकडची तार पहिली. आकडा म्हणजे त्या तारेवर दाबायचा फ्रेट, ० म्हणजे मोकळी तार.)

---

ठोंब्या

गिटार घ्या. खेळणं परत करा.

---

गिटारग्रस्त

ठोंब्याशेठ, गिटार घेऊन त्यांची सुटका होणार नाही. गिटारच्या खालच्या चार तारांना पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की युकुलेलेचेच जी-सी-ई-ए सूर मिळतात. त्यामुळे बोटांचे आकार तेच राहतात, फक्त नावं बदलतात. ताईंना छळणारा ३-२-१-१ गिटारवर एफ म्हणून भेटतो. गिटार शिकणारे निम्मे लोक त्या एफपाशीच गिटार पलंगाखाली सरकवतात. युकुलेलेवर निदान तारा नायलॉनच्या आणि चारच आहेत.

आणि खेळणं म्हणू नका हो. १८७९ साली रेव्हनस्क्रॅग नावाच्या जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर होनोलुलूला उतरले. त्यांच्याबरोबर मशेत नावाचं छोटं तंतुवाद्य होतं. त्यांच्यातल्याच सुतारकाम जाणणाऱ्या मंडळींनी तिथे बसून त्यावरून हे वाद्य घडवलं, आणि हवाईच्या राजा कलाकौआने ते दरबारात नेलं. राजाश्रयाचं मोल बडोद्याच्या माणसाला मी सांगावं?

ताई, तुमच्या तिन्ही कॉर्ड्सवर रात्री सविस्तर लिहितो.

---

पेटीवाल्या काकू

अगं कोथिंबीरवडी, आधी मावशींच्या पट्टीचं बघू, बोटांचं नंतर.

मी युकुलेले वाजवत नाही, पण पेटीवर साथ करण्यात हयात गेली. काळी पाच म्हणजे तुमचा बी फ्लॅट. गाणाऱ्याला पट्टी बदलायला सांगायची नाही, हा साथीदाराचा पहिला नियम. पण आपण कुठल्या पट्ट्या दाबायच्या ते आपण ठरवायचं. माझ्या नातवाकडून कळलं की तुमच्या वाद्यालाही कॅपो मिळतो. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लाव आणि जी, सी, डी, ई मायनर वाजव. कानाला बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी मायनर ऐकू येईल. जी आणि सी तुला येतातच. डी (२-२-२-०) आणि ई मायनर (०-४-३-२) नवीन, पण त्यात बोट आडवं टाकायचं काम नाही.

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ए, डी, ई, एफ शार्प मायनर असंही जमतं, पण त्यात तुझा शत्रू ई परत येतो. म्हणून तिसराच बरा.

बाकीच्यांच्या पट्ट्याही सांगून ठेवते, मंडळात एकच मावशी नसणार:

काळी एक: पहिल्या फ्रेटवर कॅपो, सी-एफ-जी-ए मायनर.

काळी दोन: तिसऱ्यावर कॅपो, पुन्हा सी-एफ-जी-ए मायनर.

पांढरी पाच: कॅपो नको, जी-सी-डी-ई मायनर.

काळी चार: पहिल्यावर कॅपो, जी-सी-डी-ई मायनर.

अवांतर: बडोद्यात पट्टीचा हिशेब घराघरात मुरलेला आहे. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ सालची, सयाजीरावांच्या काळातली. अखिल भारतीय संगीत परिषदही पहिल्यांदा भरली ती इथेच, १९१६ साली. सूरसागर तलावाशेजारच्या संगीत कॉलेजवरून जाताना अजूनही कुठल्या तरी खिडकीतून षड्ज ऐकू येतो, मग आमच्या रिक्षावाल्याला थांब म्हणावं लागतं.

---

कोथिंबीरवडी

काकू!!! गणपतीची चिंता गेली. कॅपो मागवते.

---

गिटारग्रस्त

काकूंचा उपाय चोख आहे. एकच पुस्ती: कॅपो फ्रेटच्या तारेला चिकटून, तिच्या किंचित मागे लावा आणि लावल्यावर ट्यूनर पुन्हा बघा, सूर थोडे चढतात. गिटारचा कॅपो लावू नका, त्याच्या वजनाने वाद्याची मान खाली जाते. तिसऱ्या फ्रेटवर तारेची लांबी सुमारे एक षष्ठांशाने कमी होते. कॉन्सर्टवर हे चालून जातं, सोप्रानोवर, म्हणजे त्याहून लहान साइझवर, बोटांची दाटी होते.

पण ताई, कॅपोने गणपती निभावतील, तिन्ही कॉर्ड्स टळणार नाहीत. उद्या कोणी पांढरी चारमध्ये गाणारा आला की काय करणार? सी धरून वाजवायचं तर कॅपो पाचव्यावर जातो, तिथे बोटं कोंबावी लागतात. तिसऱ्यावर लावून डी धरला तर त्यात बी मायनर येतो. आणि कॅपोशिवाय सरळ एफमध्ये वाजवलं की बी फ्लॅट उभाच.

---

पेटीवाल्या काकू

हे बरोबर आहे, आणि याच्यामागे गंमत आहे. साध्या गाण्याला जे चार कॉर्ड लागतात ते सा, म, प आणि ध यांच्यावर उभे असतात. पहिले तीन मेजर, धैवतावरचा मायनर. आता बघ:

पांढरी चारला सा धरला की मध्यम पडतो बी फ्लॅटवर.

पांढरी सहाला सा धरला की पंचम पडतो ई वर.

पांढरी दोनला सा धरला की धैवत पडतो बी मायनरवर.

तुझ्या तीन अवघड कॉर्ड्स म्हणजे तीन पट्ट्यांतला एकेक हरवलेला सूर आहे. एक कॉर्ड बसली की अख्खी एक पट्टी हाताशी येते. म्हणून तिन्ही एकदम घेऊन बसू नकोस. मंडळात कोणाची पट्टी कुठली ते बघ आणि त्याप्रमाणे क्रम लाव.

---

तिरकिट

+१. काकू, ही वही छापा.

---

लाकूडतोड्या

नमस्कार. मी हौशी दुरुस्तीवाला. ताकदीच्या गोष्टी सुरू होण्याआधी वाद्य तपासा, कारण निम्म्या वेळा बोटांचा काहीच दोष नसतो.

सोपी परीक्षा सांगतो. बी फ्लॅटचा आकार (३-२-१-१) जसाच्या तसा उचलून दोन फ्रेट पुढे न्या: ५-४-३-३. तो सी कॉर्ड आहे. तो स्वच्छ वाजतो आणि बी फ्लॅट मात्र वाजत नाही, असं होतंय का? तसं असेल तर तुमची तर्जनी ठीक आहे, नट उंच आहे. नट म्हणजे मानेच्या टोकाला खाचा असलेली पांढरी पट्टी. स्वस्त वाद्यांत तिच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नसतात. त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला उगाच जोर लागतो, आणि नवशिक्याच्या सगळ्या पहिल्या कॉर्ड्स नेमक्या तिथेच असतात.

दुसरी खूण: एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते उजेडात बघा. केसाएवढी फट हवी. पोस्टकार्ड आरामात सरकत असेल तर नट उतरवून घ्या. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असावी.

घरी कानस घेऊन बसू नका. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नवीन नट बसवावा लागतो. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे हे थोड्या वेळाचं काम आहे.

आपल्या हवेबद्दलही सांगतो. घन लाकडाचं वाद्य असेल तर एप्रिल-मेमध्ये लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला टोचू लागतात. पावसाळ्यात वरची फळी फुगते, ब्रिज (फळीवरची तारा अडकवायची पट्टी) वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. ऑगस्टमध्ये 'माझी बोटं मागे गेली' असं म्हणणाऱ्यांनी आधी तारा बघाव्यात. प्लायच्या वाद्याला हा त्रास कमी. आणि मे महिन्यात गाडीत वाद्य ठेवून खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला जाऊ नये, ब्रिजचा डिंक सुटतो.

---

कोथिंबीरवडी

लाकूडतोड्या, आत्ता करून बघितलं. ५-४-३-३ वाजतोय!! अगदी खणखणीत नाही, पण चारही तारा बोलल्या. आणि पोस्टकार्ड काय, दिवाळीचं भेटकार्ड सरकलं.

---

लाकूडतोड्या

मग ताकदीचा विषय बंद. आधी नट.

---

गिटारग्रस्त

नट होईपर्यंत हाताचं बघू. आता एकेक कॉर्ड.

बी फ्लॅट. याची तयारी तुम्हाला येणाऱ्या एफमध्येच (२-०-१-०) झालेली आहे. एफ धरा. तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्यावर. आता तर्जनी उचलू नका. तिचं टोक आहे तिथेच ठेवून बोट खाली झुकवा, म्हणजे पहिल्या पेराचा भाग ए तारेवर पडेल. दोनच तारा झाकायच्या आहेत, चार नाहीत. बहुतेक लोक इथे पूर्ण तर्जनी चारही तारांवर आडवी टाकतात आणि विनाकारण झगडतात.

झुकवताना तर्जनी किंचित अंगठ्याकडे वळवा. बोटाचा समोरचा भाग मऊ असतो, तार त्यात रुतते. कडेला हाड लागतं. तरीही ए तार 'थप्प' करत असेल तर बहुधा ती पेराच्या घडीत सापडली आहे. बोट मानेवर थोडं वर किंवा खाली सरकवा, अगदी तीळभर. आवाज एकदम उघडतो.

आता मधलं बोट जी तारेवरून सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणा आणि जी मोकळी सोडा: ०-२-१-१. हा जी मायनर सेव्हन, स्वतःच एक गोड कॉर्ड आहे. काही दिवस यावरच राहा. हा न बघता पडायला लागला की अनामिका जी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. झाला बी फ्लॅट. एफ ते जी मायनर सेव्हन ते बी फ्लॅट आणि परत एफ, या सगळ्यात तर्जनीचं टोक जागचं हलत नाही. तो खुंटा पक्का ठेवा.

बी मायनर. उलटीकडून जा. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर चारही तारांवर आडवी, बाकी काही नाही: २-२-२-२. हा बी मायनर सेव्हन. बहुतेक गाण्यांत बी मायनरच्या जागी हाच वाजवला तर कोणी हरकत घेणार नाही. नंतर अनामिका जी तारेच्या चौथ्या फ्रेटवर. ती आली की जी तारेवर तर्जनीने दाबायची गरज उरत नाही, तिचं काम तीन तारांपुरतं राहतं. म्हणजे पूर्ण कॉर्ड अर्ध्या कॉर्डपेक्षा थोडी सोपीच.

ई. यावर भांडणं आहेत. माझी पद्धत: डी (२-२-२-०) नेहमी तर्जनी-मधलं-अनामिका असा धरतात, तो मधलं-अनामिका-करंगळी असा धरायची सवय करा. तर्जनी रिकामी राहते. तीच तीन बोटं न उचलता दोन फ्रेट पुढे सरकवा आणि तर्जनी ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर टाका. ४-४-४-२.

---

लाकूडतोड्या

कॉन्सर्टवर तीन बोटं चौथ्या फ्रेटमध्ये? माझी तरी मावत नाहीत. मी अनामिकेने वरच्या तिन्ही तारा एकत्र दाबतो आणि तर्जनीने ए. अट एकच, अनामिकेचं पहिलं पेर उलटं वाकायला हवं, नाहीतर ती ए तारेलाही अडते. ज्यांचं वाकतं त्यांचं भाग्य.

---

गिटारग्रस्त

ज्यांचं वाकत नाही त्यांच्यासाठी १-४-०-२. तर्जनी जी तारेच्या पहिल्यावर, करंगळी सी तारेच्या चौथ्यावर, मधलं बोट ए तारेच्या दुसऱ्यावर, ई मोकळी. ताण आहे, गर्दी नाही. लहान हातांना हा जास्त मानवतो असं बघितलंय.

---

पेटीवाल्या काकू

ई च्या जागी ई सेव्हन (१-२-०-२) चालेल का, असा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. ई पंचमाच्या जागी असेल आणि लगेच षड्जावर, म्हणजे ए वर, परत येत असेल तर चालेल. चालेल काय, तिथे तोच जास्त खुलतो, कारण त्याच्या पोटातला डी ओढ लावतो. पण ई लाच सा मानून गाणं असेल तर सेव्हन वाजवू नकोस. शेवटची ओळ संपल्यासारखी वाटणारच नाही, गाणारा तुझ्याकडे बघत राहील.

---

अंगठेबहाद्दर

मी कॉलेजात आहे, फतेहगंजला राहतो. माझा मनगटाचा त्रास पट्ट्याने गेला, तेवढं सांगतो. युकुलेलेला पट्टा लावत नाहीत लोक, छातीशी धरून वाजवतात. मग डावा हात मान तोलून धरतो आणि तोच कॉर्डही दाबतो. आडवी तर्जनी टाकताना तळवा मानेला चिकटतो, मनगट दुमडतं, आणि दुखतं. पट्टा घातला की डावा हात मोकळा.

---

गिटारग्रस्त

एकदम बरोबर. पट्टा नसेल तर निदान बसून, मांडीवर टेकवून वाजवा. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर. कोपर पोटाकडे घ्या, मनगट आपोआप सरळ होईल.

जोर किती लावायचा ते असं शोधा. कॉर्ड धरा, पण दाबू नका, नुसती बोटं टेकवा. उजव्या हाताने एकेक तार छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. ज्या क्षणी आवाज स्वच्छ होतो तिथे थांबा. तेवढाच जोर लागतो, आणि आपण लावत होतो त्याच्यापेक्षा तो फार कमी असतो.

बोटांची टोकं दुखणं सुरुवातीला ठीक आहे, त्वचा राठ होते. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर वाद्य खाली ठेवायचं. थांबत नसेल तर डॉक्टर गाठा, फोरमवरचा धागा नाही.

---

तिरकिट

कॉर्ड एकटी बसणं वेगळं आणि ठेक्यात बसणं वेगळं. तबल्यात कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) आधी ठायीत म्हणजे संथ लयीत घोटतात, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत. इथेही तेच करा. भजनी मंडळात बरंचसं केहेरव्यातच असेल, आठ मात्रा. नवीन कॉर्ड समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायला हवी. मग बोटं सम आल्यावर हलवून कशी चालतील? आठव्या मात्रेलाच निघायला हवीत. त्या मात्रेवर उजव्या हाताने तारांवर तळवा ठेवून नुसता 'चक्' आवाज करा. ठेका तुटत नाही आणि डाव्या हाताला एक मात्रा मोकळी मिळते. ऐकणाऱ्याला वाटतं मुद्दामच केलंय.

मोकळ्या तारा झणकन वाजवून वेळ काढणारेही असतात. सी किंवा ए मायनरच्या गाण्यात ते खपतं, कारण चार मोकळ्या तारा मिळून ए मायनर सेव्हनच होतो. बी फ्लॅटच्या गाण्यात केलंत तर मावशी वळून बघतील.

रियाज: दोनच कॉर्ड्स घ्या, एफ आणि बी फ्लॅट. एका आवर्तनाला एक कॉर्ड, इतक्या संथ लयीत की कंटाळा यावा. अर्धं गाणं चालवून अडखळण्यापेक्षा हे बरं. लय तेव्हाच वाढवा जेव्हा बोलता बोलता वाजवता येईल.

अवांतर: गणपती झाले की नवरात्र आहे, आणि बडोद्यात कोणीतरी गरबा वाजवायला सांगणारच. गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा. आठची सवय लागलेला उजवा हात तिथे हमखास घसरतो, आत्ताच थोडं घोळवून ठेवा.

---

ठोंब्या

एवढं सगळं चार तारांसाठी? पेटीवर एक बोट दाबलं की झालं.

---

पेटीवाल्या काकू

ठोंब्या, ये एकदा दांडिया बाजारात. एका बोटाने पेटी वाजवून दाखव, चहा मी करते.

---

तिरकिट

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

---

कोथिंबीरवडी

वृत्तांत देते. मांडवीजवळ एका दुरुस्तीवाल्याकडून नट उतरवून घेतला. त्यांनी आधी तारा सैल केल्या, खाचेत बारीक कानस दोनदा फिरवली, तार परत बसवून बघितली, पुन्हा एकदा फिरवली. माझ्यासमोरच झालं. वाद्य तेच आहे यावर विश्वास बसत नाही. एफसुद्धा हलका झाला, आणि तो मला अवघड आहे हे मला माहीतच नव्हतं.

०-२-१-१ न बघता पडतोय. बी फ्लॅटमध्ये अनामिका अजून उशिरा येते, पण तिरकिट यांच्या 'चक्'मुळे गाणं थांबत नाही. मावशींबरोबर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून एक तालीम झाली. त्यांनी विचारलं, हे एवढंसं वाद्य काळी पाचला कसं काय लागलं.

बी मायनरच्या जागी २-२-२-२ च वाजवतेय, कोणाला पत्ता नाही. ई चं जमत नाही. लाकूडतोड्यांची अनामिका माझ्या हाताला नाही, १-४-०-२ मध्ये करंगळी सी तारेऐवजी ई ला लागते.

---

गिटारग्रस्त

करंगळी उभी येत नसणार, आडवी पडत असेल. कॉर्ड लावताना क्रम बदला: आधी करंगळी सी तारेच्या चौथ्यावर, मग मधलं बोट, शेवटी तर्जनी. तर्जनी आधी लावली की हात नटकडे ओढला जातो आणि करंगळीला ताणून पोचावं लागतं. करंगळी आधी लावली की हात पुढे असतो आणि तर्जनी मागे सहज जाते. वाद्याच्या मानेची उंचीही बघा, तिचं खुंट्यांकडचं टोक तुमच्या खांद्याच्या पातळीला आलं की करंगळी जास्त उभी पडते.

आणि तुमच्या मंडळात पांढरी सहावाला कोणी नसेल तर ई ला इतक्यात हात लावू नका. काकूंनी क्रम दिलाय.

---

कोथिंबीरवडी

पांढरी सहावाले नाहीत. पांढरी चारचे एक काका आहेत, आवाज मोठा आणि मत त्याहून मोठं. म्हणजे बी फ्लॅटच पक्का करते.

---

नवखा_अलकापुरी

उशिरा आलो धाग्यावर, वाखु (वाचनखूण) साठवली. दोन शंका. माझ्या युकुलेलेला खालच्या सप्तकातली जी तार आहे, जाड. मग हे आकडे चालतील का? आणि मित्र बॅरिटोन विकतोय, मोठं आहे, बोटांना जागा मिळेल म्हणतो.

---

लाकूडतोड्या

खालची जी असली तरी आकडे तेच, फक्त ती तार एक सप्तक खाली बोलते. ती जाड तार नटच्या खाचेत नीट बसली आहे ना तेवढं बघा. बारीक तारेसाठी कापलेल्या खाचेत ती वरच अडकून राहते.

बॅरिटोन डी-जी-बी-ई असा लावतात, म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारा. आकार तेच, नावं वेगळी. या धाग्यातल्या सी च्या आकारातून तिथे जी निघेल.

---

पेटीवाल्या काकू

मग ३-२-१-१ तिथे एफ झाला की! म्हणजे पांढरी चारवाल्या काकांसाठी बॅरिटोनच घ्यावं, बी फ्लॅटची कटकट गेली.

---

गिटारग्रस्त

काकू, तिथेही मध्यमावर बी फ्लॅट लागणारच, आणि बॅरिटोनवर तो ३-३-३-१. म्हणजे कोथिंबीरवडींचा ई, एक फ्रेट मागे.